चुलीत टाकलेली पुडी

सोमवार, ९ मार्च १९८७
सेंट थॉमस

प्रिय शर्मेन,

तू आणि तुझी आई खुशाल असाल. इकडे सगळे बरे आहेत. भोपळे चांगले धरलेत. तुझी मिरचीची रोपं शेजारच्या बकरीनं खाल्ली, त्यात माझा काही दोष नाही.

हे पत्र एव्हरल्डच्या हाती देत नाहीये. तो फोडून वाचेल. तू माहेरी गेल्यापासून तो माझ्याशी फार गोड बोलतो, आणि माझा मुलगा गोड बोलायला लागला की कुठंतरी पाणी मुरतंय हे मला कळतं. पोस्टात मी स्वतःच टाकेन.

माझा संशय उगाच नव्हता. तू शहरातली पोर. आपल्या पंथाच्या मडक्यात मीठ नाही, मांस नाही, डब्यातलं काही नाही, हे पहिल्या दिवशी सांगितलं तेव्हा हसली होतीस. मग डिसेंबरपासून रविवारच्या जेवणाला लोक दोनदा वाढून घ्यायला लागले. तेच नारळाचं दूध, तीच ओली तूर, तोच सुरण, पिठाची डंपलिंगही मीच तळहातांवर वळलेली. मग ही चव आली कुठून? पंगतीतले सगळ्यांत वडील ब्रदर एनॉस बोटं चाटत म्हणाले, "आयसिल्डा, म्हातारपणी हात सुधारला की गं तुझा!" चाळीस वर्षं रांधतेय मी. हात सुधारला म्हणे! त्या दिवसापासून डोळ्यांत तेल घालून तुझ्यावर नजर ठेवली.

आणि तू सापडलीस. मी लाकडं घ्यायला वळले आणि तू खिशातली पुडी मडक्यावर झटकलीस.

"काय गं ते?"

"थाईमचा पाला आणि ऑलस्पाइसचे दाणे, आई. वाळवून कुटलंय."

"मग लपवतेस कशाला?"

तू पुडी मुठीत धरलीस. सगळे जमले. प्रार्थनेआधी चाखायचा मान फक्त रांधणारीचा, म्हणून पुडी माझ्याच हातात आली. चिमूटभर जिभेवर ठेवली आणि मी म्हटलं, "कोंबडीच्या सुपाची भुकटी आहे. खारट." उरलेली चुलीत टाकली. भरलं मडकं घळीत ओतलं गेलं आणि तुला अंगणात पाय ठेवायची बंदी झाली.

पुडी चुलीत का टाकली, हे तू विचारलं नाहीस. नुसती माझ्याकडे बघत राहिलीस. ते बघणं डोळ्यांसमोरून हलत नाही. तुला माहीत होतं ना? कधीपासून?

काल मी एकटीनं रांधलं. रस दाटसर झाला, डंपलिंग तरंगून वर आली, दिसायला अगदी झकास. पहिल्याच घासाला एनॉसच्या बायकोनं तोंडाला फडकं लावलं.

"नारळ खवट आहे, आयसिल्डा. खाली लागलंयसुद्धा. चाखलं नाहीस?"

"चाखलं की!" मी म्हटलं.

दुसऱ्यांदा खोटं बोलले. शर्मेन, मला चव लागत नाही. नोव्हेंबरातल्या तापानंतर वासही येत नाही. तुझी पुडी जिभेवर वाळूसारखी लागली. मीठ की थाईम, मला काहीच कळलं नाही. दुसऱ्या कुणी चाखू नये म्हणून ती आगीत टाकली. रांधणं हातातून गेलं तर मला कोण विचारणार, एवढीच भीती होती. तुझ्या नावाला काळिमा लागला आणि मी तो लागू दिला. मला फार लाज वाटते.

अजूनही मनात येतं, तू माझं फिकं रांधणं सांभाळून घेत होतीस की माझी जागा घ्यायची तयारी करत होतीस? बघ, अजून माझी खोड जात नाही.

येत्या रविवारी सगळ्यांसमोर खरं सांगायचं ठरवलंय. पण माझा माझ्यावरच भरवसा नाही, तूही ठेवू नकोस. ऐन वेळी मी कच खाल्ली, तर हे पत्र घेऊन सरळ ब्रदर एनॉसकडे जा. पुढं मला नाकारता येऊ नये म्हणून पूर्ण नावानं सही करते.

तुझ्यावर खोटा आळ घेणारी,
आयसिल्डा मे बार्नेट