झाडावर राखून ठेवलेली वांगी

आई, काल बाजारात एका बाईच्या टोपलीतली वांगी मी बराच वेळ उलटीसुलटी करून पाहत होते. ती शेवटी वैतागली. म्हणाली, "घ्याची आहेत का नाही वं बाई? कवाच्या चोळून राहिल्या." मी लहान, काळीभोर, चकचकीत पाहून अर्धा किलो घेतली. घरी भाजी केली, ती चांगली झाली, आणि जेवताना तुझी वांगी आठवली. तुला जाऊन इतकी वर्षं झाली, पण त्या एका भाजीबद्दल तुझ्याशी बोलायचं राहूनच गेलं. मला असं लिहायची सवय नाही. ऑफिसात पत्रं पुष्कळ लिहिली, पण ती सगळी वर विषय आणि संदर्भ घालून. हे जसं आठवेल तसं लिहिते.

कोराडीच्या वसाहतीत आपल्याला क्वार्टर मिळालं तेव्हा मी दुसरीत असेन. बाबा वीजकेंद्रात, तू वसाहतीतल्या शाळेत शिक्षिका. स्वयंपाकघराच्या मागच्या दारातून बाहेर पडलं की तारेच्या कुंपणातली थोडी जागा होती. मुरूम, फुटक्या विटा आणि गाजरगवत. आधीच्या लोकांनी तिथे कपडे वाळत घालण्यापलीकडे काही केलं नव्हतं. पहिल्या दिवशी तू चहाचा कप घेऊन त्या दारात उभी होतीस, ते मला अजून दिसतं. तू विचारलंस, "एवढी सारी जागा आपली?" बाबा सामान लावत होते. म्हणाले, "आपली कायची, सरकारची. नोकरी आहे तोवर." तू म्हणालीस, "तोवर तर आपली." आणि कप खाली ठेवून गवत उपटायला लागलीस.

तुला बागेतलं काहीही येत नव्हतं. शेतमजुराच्या मुलीला हे येत नाही याचं शेजारणींना नवल वाटायचं. पण ते तुला येऊ नये म्हणूनच तर आजोबांनी जन्मभर जपलं होतं. ते स्वतः लोकांच्या वावरात निंदण-खुरपण करत, पऱ्हाटीचा कापूस वेचत. पण धम्मदीक्षा घेतली त्या वर्षी त्यांनी ठरवलं की आपली पोरगी कोणाच्या शेताच्या धुऱ्यावर पाय ठेवणार नाही. सुट्टीत आजी वेचणीला निघाली आणि तू मागे लागलीस, तर ते तुला हाताला धरून घरात आणून बसवत आणि पुढ्यात पाटी ठेवत. हे तूच मला सांगितलंस, हसत हसत. त्यामुळे तुला व्याकरण येत होतं, भूगोल येत होता, आणि भेंडी किती खोल पेरायची ते येत नव्हतं.

तुला एकच गोष्ट माहीत होती. आजी झोपडीमागच्या वांग्यांवर चुलीतली राख टाकायची. आता कोराडीत आपल्याकडे राखेला काय तोटा? ती वाळत घातलेल्या चादरींवर पडायची, पाण्याच्या माठावर साय धरायची. तू एका ट्रकवाल्याला सांगून राखेचा हा मोठा ढीग अंगणात टाकून घेतलास. बाबा म्हणाले, "अवं, ती कोळशाची राख आहे." तू म्हणालीस, "राख ते राख." आपण दोघींनी ती घमेल्यांनी पसरली, पाणी दिलं, मेथी आणि पालक पेरला. चार दिवस ऊन लागलं आणि वर असा पापडा धरला की खुरपं टणकन वाजायचं. एकही कोंब वर आला नाही. शेजारच्या काकू कुंपणावर हनुवटी टेकून म्हणाल्या, "काहून वं मास्तरीणबाई, बगीचा करून राहिली का सिमेंटचा कारखाना?"

दुसरी कोणी असती तर पुन्हा कपडे वाळत घालायला लागली असती. तू त्यांच्याबरोबर हसलीस. मग शाळेतून आल्यावर पदर खोचून रोज थोडी थोडी ती राख खणून काढायला लागलीस. टाकली मात्र नाहीस. रंगरंगोटीतून उरलेला चुना कालवून तिचीच पायवाट केलीस, दारापासून कुंपणापर्यंत, आणि एका फळकुटाने ठोकून ठोकून सपाट केलीस. काकूंना हाक मारून दाखवलीस, "घ्या, तुमचा कारखाना." आपण तिथे राहिलो तोवर ती वाट उखडली नाही.

मग उन्हाळ्यात वसाहतीजवळचा तलाव आटला. काठचा काळा गाळ उघडा पडला तेव्हा तू रविवारी सकाळी तो टोपल्याने आणायला लागलीस. अशाच एका रविवारी आजोबा आले. त्यांच्या डोळ्यातला मोतीबिंदू पिकत चालला होता आणि धंतोलीच्या दवाखान्यात दाखवायचं होतं. ते फाटकाशी पोचले आणि समोरून तू आलीस, डोक्यावर टोपलं, गालावरून चिखलाचं पाणी ओघळत. त्यांना अंधुक दिसत होतं, तरी एवढं दिसलं.

"हे काय करून राहिली?"

"बगीचा, बा. भाजी लावून राहिली."

"याच्यासाठी शिकवलं काय तुले?"

"कोणाच्या वावरात नाही ना गेली, बा. माह्या अंगणात करून राहिली."

"माती ते माती," ते म्हणाले. "नखात गेली का निघत नाही."

त्या दिवशी ते जेवले नाहीत. खाटेवर भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. त्यांना त्या गाळाबद्दल, वांग्यांबद्दल सगळं माहीत असणार; तू दोनदा काही विचारलंसही. त्यांनी चादर डोक्यावरून ओढून घेतली. मला वाटलं, आता तू सोडून देशील, कारण त्यांचा शब्द तू कधी मोडलेला मी पाहिला नव्हता. ते गेल्यावर तू मोरीत बसून काडीने नखं साफ केलीस, बराच वेळ. मग टोपलं उचललंस. मी विचारलं, "आजोबा रागावतील ना?" तू म्हणालीस, "रागावू दे. त्यांनी जन्मभर पिकवलं ते दुसऱ्यानं नेलं. एकदा त्यांनी माझ्या जागेतलं खायला पाहिजे. मग सोडून देईन."

त्या एका जेवणासाठी तू पुढचे कितीतरी महिने घालवलेस. पैसे घालायची सोय नव्हती, म्हणून जिथे तिथे तुझं लक्ष असायचं. फुटका माठ कोणी फेकला की तो आपल्याकडे यायचा, मातीत गळ्यापर्यंत पुरला जायचा, आणि त्यात भरलेलं पाणी मुळांना झिरपत राहायचं. आंघोळीचं पाणी मोरीतून वाफ्यात जायचं. उन्हाळा संपला आणि साहेबांच्या बंगल्यांवर कूलरला लावलेल्या खसच्या टट्ट्या काढून फेकल्या, तेव्हा तू त्या मागून आणून वाफ्यांवर अंथरल्यास, ओल टिकावी म्हणून. काकूंनी क्वार्टरांच्या सगळ्या लाइनीत सांगितलं, "ऐकलं काय वं? मास्तरीण साहेबाघरची टट्टी आणून राहिली!" तू तिकडून ओरडलीस, "वास तरी घेऊन पाहा, अत्तरासारखी आहे!" आणि खरंच, पाणी मारलं की आपलं मागचं अंगण वाळ्याच्या वासाने भरून जायचं. पुढे काकूंनीही एक टट्टी मागून नेली.

बाजारातून आणलेली वांग्याची रोपं धरली. दिवाळीच्या सुमाराला जांभळी फुलं आली, मग बोराएवढी वांगी. सकाळी ती पाहत बसल्याने तुला शाळेला उशीर व्हायला लागला. आजोबांच्या डोळ्याचं ऑपरेशन ठरलं होतं, त्यानंतर ते आपल्याकडेच राहायला येणार होते. तू पहिली वांगी त्यांच्यासाठी राखून ठेवलीस. पण त्यांना खोकला झाला. डॉक्टर म्हणाले, खोकला गेल्याशिवाय डोळ्याला हात लावणार नाही. एक आठवडा गेला, मग आणखी एक. वांगी मोठी झाली, आणखी मोठी झाली, त्यांचा रंग उतरून पिवळट झाक आली. बाबा म्हणाले, "तोड ना आता, दुसरी लागतील." तू ऐकलं नाहीस. "पहिली त्यांचीच," म्हणायचीस. वांगं झाडावर फार दिवस ठेवायचं नसतं हे घरात कोणालाच ठाऊक नव्हतं.

शेवटी ते आले. डोळ्यावर काळा चष्मा, हातात काठी. बाबा दुसऱ्या पाळीला गेले होते. आजोबा घरात न येता बाजूने मागे गेले आणि तुझ्या राखेच्या वाटेपाशी थांबले. चष्मा थोडा वर करून त्यांनी सगळं पाहिलं: वाफे, पुरलेले माठ, खस, कुंपणावर चढलेला वाल. मग काठी तारेला टेकवली, वाकून चपला काढल्या आणि म्हणाले, "मालकीणबाई, येऊ काय आत?"

तू म्हणालीस, "बा, काहून मजाक करून राहिले?"

"मजाक नाही. धन्याले विचारल्याबिगर वावरात पाय ठेवाची सवय नाही मले."

तू खोचलेला पदर सोडून सारखा केलास. मग तू म्हणालीस, "या." शाळेत बोलायचीस तसं, एकदम स्वच्छ. ते अनवाणी आत गेले. त्या पिवळ्या वांग्यांपाशी वाकले, एक हातात घेऊन अंगठ्याने दाबलं. मी शेजारीच होते. ते काहीतरी बोलतील असं मला वाटलं. ते एवढंच म्हणाले, "कर याचीच भाजी."

तू आम्हा दोघांना वाढलंस आणि भाकरी थापायला पाठमोरी बसलीस. मी पहिला घास घेतला आणि आजोबांकडे पाहिलं. भाजी कडू होती, आई. कडू आणि नुसत्या बियांची. त्यांनी माझ्याकडे पाहून मान अगदी थोडी हलवली. मी घास गिळला. तू विचारलंस, "कशी झाली, बा?" ते म्हणाले, "वाढ अजून." माझ्या ताटातली भाजीही त्यांनी आपल्याकडे ओढून घेतली आणि शेवटी पातेलं मागून भाकरीच्या तुकड्याने पुसून काढलं. तू जेवायला बसलीस तेव्हा तुझ्यासाठी चटणी उरली होती. रिकाम्या पातेल्याकडे पाहून तू जशी हसलीस, तशी हसताना मी तुला नंतर फार थोड्या वेळा पाहिलं.

बाग तू सोडली नाहीस, आणि त्यांनीही पुन्हा तो विषय काढला नाही. पुढे तू वांगी वेळेवर तोडायला शिकलीस, लाइनीतल्या घराघरांत वाटलीस. त्या पहिल्या भाजीची, आजोबांना ती किती आवडली याची गोष्ट तू येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचीस, आणि मी तिथे असले तर माझ्याकडे वळून विचारायचीस, "हो ना गं?" मी दरवेळी हो म्हटलं. आता हे कागद घडी करून ठेवते. खरं काय ते लिहून झालं, पण तू समोर येऊन विचारलंस, तर मी आजही हो म्हणेन.