झाकण उघडू नये

निफाड, मळ्यावरून
बुधवार, सकाळचा दुसरा चहा झाल्यावर

ति. केरूदादांना,

धाकट्या सोमनाथचा वाकून नमस्कार, आणि सिंधुवहिनींना त्याहून जरा जास्त वाकून. इकडे मी, सुवर्णा, दोन्ही म्हशी आणि द्राक्षं सुखरूप आहोत. तुमच्या गुडघ्याची चौकशी करणार होतो, पण रविवारी दुपारी तुम्ही पंपाच्या खोलीपासून नव्या खोल्यांपर्यंत ज्या झपाट्याने चालत गेलात म्हणून आपला गडी लहानू सांगतो, त्यावरून तुमचा गुडघा माझ्या गुडघ्यापेक्षा बरा दिसतो. मी नेमका त्याच वेळी बर्फ आणायला नाशिकला गेलो होतो. तुम्ही चहासुद्धा न घेता सटाण्याला परत गेलात, याचं सुवर्णाला अजून वाईट वाटतं आहे. (तिने चहा टाकलेला होता. तो लहानूने प्यायला. त्याला वाईट वाटलेलं नाही.)

फोन सोडून पत्र का लिहितो आहे, ते तुम्हाला ठाऊक आहेच. "फोनवर तू थापा मारतोस, कागदावर तुझा हात अडखळतो, तेव्हा पहिल्या पार्टीचं जे काय होईल ते लिहून पाठव," असा तुमचाच हुकूम आहे. त्याप्रमाणे लिहितो. हात अजिबात अडखळत नाहीये, अक्षरावरून पाहून घ्या.

मुद्दा असा की, मळ्याच्या कडेला मी ज्या दोन खोल्या पाहुण्यांसाठी बांधल्या, त्या तुमच्या मते डोक्यावर पडलेल्या माणसाचं काम आहे. शहरातली माणसं मळ्यात राहायला येतील, झाडाखाली खुर्च्या टाकून बसतील आणि वर त्याचे पैसे देतील, हे तुम्हाला पटत नाही. जमीन दोघांच्या नावावर असल्यामुळे तुम्ही मला पाडव्यापर्यंत मुदत दिलीत. तोवर पाहुणे टिकले तर खोल्या राहतील, नाहीतर भिंती फोडायच्या, जाळ्या बसवायच्या आणि तिथे उन्हाळ कांदा साठवायची चाळ करायची. मी त्या खोल्यांना निळा रंग दिला आहे दादा, खिडक्यांना पडदे लावले आहेत. तिथे कांदे पसरलेले मला बघवणार नाहीत. एवढं एकदा स्पष्ट लिहितो आणि पार्टीकडे वळतो.

पहिलं बुकिंग नाशिकच्या निकिताताईंचं. नवऱ्याचा वाढदिवस, माणसं बारा. त्यांना शनिवार हवा होता, पण शनिवारी आपल्याकडे अंडंही फुटत नाही, म्हणून रविवार ठरला. जेवण सुवर्णाच्या हातचं चालेल म्हणाल्या, फक्त जेवणाआधी तोंडात टाकायला कॉकटेल सॉसेज पाहिजेत, नवऱ्याला फार आवडतात, तेवढं जमलं म्हणजे झालं. जमलं तर दर महिन्याला त्यांच्या ऑफिसची माणसं आणणार, चाळीस-चाळीस. मी तत्काळ हो म्हणालो. सॉसेज म्हणजे काय, हे मी त्यानंतर विचारलं, सुवर्णाला. तिने तिच्या भाचीला फोन केला. कळलं ते असं की, कोंबडीचा खिमा करून त्याची बोटाएवढी वळकटी करतात आणि ती थंडगार पाकिटात विकतात. यात न जमण्यासारखं काय आहे?

शनिवारी ताईंनी सगळं सामान पाठवून दिलं. सॉसेजची पाकिटं, एक सॉसची बाटली, एक द्राक्षाच्या जेलीची बरणी आणि एक विजेवर चालणारं जाड बुडाचं भांडं, काचेच्या झाकणाचं. (हे भांडं इतकं सावकाश शिजवतं की, शिजतंय की नुसतं बसलंय ते कळत नाही. अगदी आपल्या ग्रामपंचायतीसारखं.) सोबत मराठीत लिहिलेलं कार्ड. सगळं भांड्यात ओता, बटण दाबा, चार तास थांबा. झाकण उघडू नये. एकदा उघडलं की अर्धा तास वाया. खाली ताईंनी पेनाने लिहिलं होतं, "काका, एकदम सोपं आहे, काही करावंच लागत नाही."

दादा, मळ्यावर आजपर्यंत जी कामं मी केली त्यात हे काही न करण्याचं काम सगळ्यात अवघड निघालं.

पहिली गोष्ट जेलीची. निफाडच्या मळ्यात, ऐन तोडणीच्या दिवसांत, बाटलीबंद द्राक्षाची जेली! मला ते लागलं. बरणी मी कपाटात ठेवून दिली आणि जेली स्वतः करायला घेतली. पाच किलो द्राक्षं उकळली, गाळली, रस आटवायला ठेवला आणि शेजारी गोडी मोजायचं आपलं यंत्र घेऊन बसलो. द्राक्ष अठराला तोडतो, हे तुम्हाला सांगायला नको. रस वीस झाला, पंचवीस झाला, शेवटी रेघ बत्तिसाला टेकली. आपलं यंत्र बत्तिसाच्या पुढे जात नाही. म्हणजे गोडी तिथे संपली, असं मी मानलं आणि गॅस बंद केला. सुवर्णा म्हणाली, अहो हे सरबत आहे, अजून दुपटीने आटवायला पाहिजे. मी म्हणालो, द्राक्षातलं तू मला शिकवू नकोस. (ती निफाडची नाही, नांदगावची आहे. पण ते सरबतच होतं.)

दुसरी गोष्ट जागेची. घरात देव आहेत, त्यामुळे कोंबडी आपल्याकडे बाहेर शिजते, हा आईपासूनचा शिरस्ता. तेव्हा ते भांडं मी नव्या खोल्यांच्या ओट्यावर, टेबलावर मांडलं आणि रविवारी दुपारी बारा वाजता बटण दाबलं. मांडताना एवढंच लक्षात आलं नाही की मळ्यातली, गोठ्यातली, पंपाकडची सगळी पायवाट त्या ओट्यावरूनच जाते. आणि आपल्याकडे झाकलेलं भांडं दिसलं आणि माणूस झाकण न उचलता पुढे गेला, असं मी तरी अजून पाहिलेलं नाही. झाकण काचेचं होतं, आतलं सगळं दिसत होतं, तरीही.

पहिली सुवर्णा. तिला ते फिकं दिसलं, तिने दोन चमचे काळा मसाला घातला. (हे तिने मला नंतर सांगितलं, आणि सांगताना तिला जराही लाज वाटत नव्हती.) मग द्राक्षं तोडायला आलेल्या बायांची मुकादम ठमाबाई. तिने झाकण उघडून मला विचारलं, "मालक, ही गाजरं कोन्त्या देशाची? वासच नाय त्यांला." मी तिला पूर्ण माहिती दिली, कार्डही वाचून दाखवलं. तिने मान डोलावली, आणि मी बर्फाला गेल्याबरोबर डब्यातला लसणाचा ठेचा आणून भांड्यात मोकळा केला. बुडाला लागू नये म्हणून लहानूने तांब्याभर पाणी ओतलं. आधीच सरबत, त्यात तांब्या. मी साडेचारला परतलो तेव्हा चार तास होऊन गेले होते आणि भांडं नुकतंच कुठे कोमट झालं होतं. मी मनात हिशेब केला, झाकण किमान आठ वेळा उघडलं असावं. मग खुर्ची टाकून मीच पहाऱ्याला बसलो. (बसल्यावर दोनदा उघडून पाहिलं. जबाबदारी माझी होती.)

साडेपाचला गाड्या आल्या. माणसं हसरी, चांगली. द्राक्षाच्या मांडवात फोटो काढून झाले आणि साडेसहाला निकिताताई टूथपिकचा डबा हातात घेऊन ओट्यावर आल्या. सॉसेज टूथपिकने एकेक टोचून खायचे असतात. त्यांनी झाकण उघडलं. आत घट्ट चकचकीत सॉस असायला हवा होता. तिथे लालभडक रस्सा होता, वर तर्री, त्यात सॉसेज तळाला जाऊन बसलेले, आणि सगळीकडे काळे काळे बारीक कण. ताईंनी एकदा रश्शाकडे पाहिलं, एकदा हातातल्या टूथपिकच्या डब्याकडे. मी एक शब्द वावगा बोललो नाही. शांतपणे म्हणालो, "ताई, ही आमच्या मळ्याची पद्धत." सुवर्णा मागेच होती, ती लगेच वाट्या आणि गरम भाकरी घेऊन आली. ज्याचा वाढदिवस होता त्या गृहस्थाने पहिली वाटी रिकामी करून पुढे केली, मग दुसरी, मग तिसरी. त्याच्या मागे सगळे. टूथपिकचा डबा अजून न उघडलेला इथेच आहे. जेवणाला कुणाच्या पोटात जागा उरली नाही, आणि सुवर्णाचं भरीत आम्ही मंगळवारपर्यंत खाल्लं. निघताना ताई म्हणाल्या, काका, येत्या रविवारी चाळीस जण आणते, पण मला सेम टू सेम हेच पाहिजे, काळ्या कणांसकट.

तेव्हा दादा, एकंदरीत पार्टी माझ्या नियोजनाप्रमाणे पार पडली, असं म्हणायला हरकत नाही. रविवारचं चाळीस जणांचं जमलं, म्हणजे दर महिन्याचं नक्की, म्हणजे खोल्या नक्की. चाळीचा विचार आता तुम्ही डोक्यातून काढावा, अशी नम्र विनंती. वहिनींना व मुलांना नमस्कार आणि आशीर्वाद, ज्याला जे लागू पडेल ते.

तुमचा आज्ञेतला
सोमनाथ

ता. क. पत्र लहानूच्या हाती देतो आहे. तो लेकीकडे सटाण्याला येतोच आहे. त्याला चहा द्यावा. तो दोनदा घेतो.

ता. क. २. सोमवारी आम्ही तालीम केली. उरलेलं पाकीट घेतलं, तेच सरबत केलं, भांडं त्याच टेबलावर ठेवलं. सुवर्णा, ठमाबाई, लहानू यांना ओळीने उभं केलं आणि ज्याने जे घातलं होतं ते त्याच्याकडून त्याच वेळी घालून घेतलं. झाकणसुद्धा मोजून तितक्याच वेळा उघडलं. झालं ते खाण्यासारखं होतं, पण ते नव्हतं. ठमाबाई बोट चाटून म्हणाली, "ह्यात ते काळं नाय पडलं." काळं कुणी घातलं विचारलं, तर तिघंही म्हणाले, मी नाही. सुवर्णाने घरातली खुरासणीची काळी चटणी घालून पाहिली. रंग आला, चव आली नाही. वर लिहिलेलं नियोजन वगैरे जरा सैल हाताने वाचावं. रविवारी ताईंनी झाकण उघडलं तेव्हा मी गोठ्याकडे सटकायच्या बेतात होतो, आणि "आमची पद्धत" हे वाक्य सुवर्णाने मागून चिमटा काढल्यावर तोंडातून निघालं.

ता. क. ३. टेबलाखाली तुमचा मोजायचा टेप सापडला. तुम्ही खोल्या चाळीसाठी मोजायला आला होतात, हे कळलं. त्याबद्दल काही बोलत नाही. पण टेपवर तर्रीचं बोट उमटलेलं आहे. लहानूला समोर बसवून विचारलं, तेव्हा तो आढेवेढे घेत म्हणाला, "मोठे मालक झाकनापाशी थांबले व्हते. चमच्यानं चाखलं, तोंड वाकडं केलं, बंडीतली डबी काढली. मला म्हनले, सोम्याले सांगू नको." (सटाण्याच्या तीस वर्षांत तुमची भाषा पार तिकडची झाली.) दादा, ती पितळी डबी मला माहीत आहे. कुणाच्याही लग्नात, कुठल्याही पंगतीत तुम्ही ती काढता आणि पानातल्या प्रत्येक पदार्थावर भुरभुरवता. त्यात आईच्या हातची काळी चटणी असते, म्हणजे आईच्या पद्धतीची. शेवटची चार वर्षं ती तुमच्याकडे होती, तुम्ही खलबत्त्याशी बसायचात आणि ती सांगायची. मला ती कृती आली नाही. रविवारी रात्री भांडं घासायला टाकण्याआधी मी तळाचा रस्सा भाकरीने पुसून खाल्ला, तेव्हा पहिल्या घासालाच मला आईची चव ओळखू आली होती, ती तिथे आली कशी तेवढं कळेना. सुवर्णासमोर डोळ्यांत पाणी आलं, मी ठेच्यावर ढकललं. आईला जाऊन बारा वर्षं झाली, आणि तितकी वर्षं ती चव माझ्या जिभेवर नव्हती. तुम्ही डबी कधी माझ्यापुढे केली नाहीत, मीही कधी मागितली नाही. आज मागतो आहे.

ता. क. ४. कृती लिहून पाठवू नका. कागदावर तुमचाही हात अडखळेल. डबी घेऊन रविवारी बारापर्यंत स्वतः या. ताईंनी स्वयंपाक कुणाचा म्हणून विचारलं होतं. मी सांगून बसलो आहे की आमचे थोरले बंधू, सटाण्याहून फक्त रविवारी येतात.

ता. क. ५. टेप लहानूबरोबर पाठवलेला नाही. तो न्यायला तरी या.