शेजारची खुर्ची

प्रिय आई,

हॅम्बुर्गला गारठा आहे, पण तुझे लोकरी मोजे घालते. गुडघा कसा आहे?

विमान कंपनीच्या नव्या खुर्च्यांत आठ-आठ तास काढून आम्ही गुण देतो. बिझनेस क्लासमध्ये खुर्चीचा पलंग होतो, दारही लागतं. तिथे मी टक्क जागी. प्रीमियम इकॉनॉमीत पाय अवघडले, तरी मेल्यासारखी झोपले. तिलाच जास्त गुण दिले.

आमच्या चाचणीप्रमुख ब्रोडर्सनबाई भडकल्या, "आनेके, शुद्धीवर आहेस ना? त्या खुर्चीत बाकीच्यांच्या पाठी धरल्यात!"

त्यांना काय सांगू? शेजारच्या खुर्चीत आमच्याच चाचणीतले म्हातारे ओट्टो घोरत होते. येन्स गेल्यापासून माझ्या शेजारी कुणी घोरलंच नव्हतं.

झोप लागते का, असं विचारलं होतंस ना? आज लागली.

तुझी,
आनेके