महालक्ष्म्यांच्या साडीला चेन

दाना ओली, लष्कर, ग्वाल्हेर
आषाढ वद्य पंचमी (गावाच्या मते श्रावण लागला, आपल्या मते लागायचा आहे)

तीर्थरूप सुधावन्संना,

राजलक्ष्मीचा वाकून नमस्कार. आम्ही सगळे इथे बरे आहोत, म्हणजे तुमचे बंधू बरे आहेत आणि बाकीचे त्यांच्यामागे उभे आहोत. देवासला तुमचा गुडघा कसा आहे ते कळवावं. भावजींचा खोकला या पावसात वाढला असेल, त्यांना ज्येष्ठमध द्यावा आणि बिडी देऊ नये. तुमच्या मोतीबिंदूचं मात्र विचारत नाही, कारण ऑपरेशन उत्तम झालं हे मला आधीच कळलं आहे. सूनबाई अवंतिकाने आमच्या बैठकीचा फोटो फोनवर टाकला, त्याखाली पहिलं लाल हृदय तुमचं होतं, आणि हृदयाशेजारी तुम्ही लिहिलं होतंत, ‘आता कुठे घर घरासारखं दिसतंय.’ वन्सं, दृष्टी परत आली याचा मला आनंद आहे. पण या घरात मी लग्न होऊन आले तेव्हा तुम्ही परकरात होतात असं नाही, चांगल्या बी.ए.च्या वर्गात होतात, आणि तेव्हापासूनची प्रत्येक आरास तुम्ही पाहिली आहे. ‘आता कुठे’ हे दोन शब्द मी फार दिवस चघळले. गिळता येईनात, म्हणून हे पत्र.

कामाचं आधी लिहिते. भाद्रपदात महालक्ष्म्या येतील, आणि दरवर्षीसारख्या तुम्हीही याल. यंदा त्या कोणी बसवायच्या हा वाद आमच्याकडे ज्येष्ठ महिन्यापासून चालू आहे. सूनबाईंनी जाहीर केलं आहे की यंदाची थीम ‘वन’. म्हणजे ज्येष्ठा आणि कनिष्ठा जंगलात उभ्या राहणार, मागे प्लास्टिकच्या वेली, बाजूला दोन हरणं, झाडांत लुकलुकणारे दिवे. इतकंही मी सोसलं असतं. पण त्यांच्यासाठी तिने शिवलेल्या नऊवारी मागवल्या आहेत. शिवलेल्या, वन्सं. निऱ्या आधीच टाके घालून बसवलेल्या, काष्टा तयार, आणि पाठीला चेन. पँटीला असते तशी. पितळी मुखवट्यांच्या देवीला आपण पाठीमागून चेन लावून बंद करायचं आणि मग तिला सोळा भाज्यांचा नैवेद्य दाखवायचा. मी सांगितलं, या घरात महालक्ष्म्या मी बसवीन, आणि निऱ्या हाताने घातलेल्या असतील. राघव म्हणाला, आत्याला विचारू. तुम्ही घरातल्या मोठ्या, तुमचा शब्द शेवटचा. तेव्हा त्या हृदयाच्या भरात हो म्हणण्याआधी गेलं वर्ष या घराने काय भोगलं ते एकदा ऐकून घ्या.

अवंतिका मुरारच्या चांगल्या मराठी घरची मुलगी आहे, हे तुम्हाला माहीत आहे. पण तिला स्वप्नंसुद्धा हिंदीत पडतात. दिवाळीनंतर तिने माळ्यावरच्या माझ्या गाद्या खाली उतरवल्या आणि तिथे सणांच्या पेट्या चढवल्या. प्रत्येक सणाला एक पेटी, सण संपला की पेटी वर, दुसरी खाली. (गाद्या माझ्या खोलीत आहेत. मी त्यांच्यावर चढून झोपते.) पहिला आला नाताळ. आपल्या घरात नाताळ का, हे विचारण्यात अर्थ नव्हता, कारण झाड तोवर उभं राहिलं होतं आणि त्याच्यावर कापसाचा बर्फही पडला होता. ग्वाल्हेरच्या डिसेंबरात तुमच्या बंधूंना कानाला वारा लागतो. चार दिवसांत झाडाचा खालचा निम्मा बर्फ त्यांच्या कानांत गेला. सूनबाई म्हणाल्या, बाबांनी सगळा बॅलन्स बिघडवला. ऐकू कोणाला जात होतं?

मग संक्रांत. संक्रांतीला आपल्यात काळं नेसतात, हे तिला तिच्या आईने शिकवलेलं होतं आणि त्याबद्दल मी त्या बाईंची ऋणी आहे. पण काळी साडी नेसणं वेगळं आणि घराला काळं नेसवणं वेगळं. काळे पडदे, काळ्या उशा, दाराला काळी झालर, त्यावर हलव्याचे पांढरे ठिपके. आता आपलं घर दाना ओलीत, डावीकडे चतुर्वेदी, उजवीकडे गुप्ता. यांच्यात सणाला काळं म्हणजे अपशकुन. सकाळी चतुर्वेदीणबाई डोक्यावर पदर घेऊन आल्या, चपला फार लांब काढल्या, दाराशीच जमिनीवर बसल्या, आणि माझा हात धरून अगदी हळू विचारलं, “भाभीजी, कब हुआ? हमें तो खबर ही नहीं लगी।” एवढ्यात तुमचे बंधू आंघोळ करून, धोतर नेसून, हातात तिळगुळाची वाटी घेऊन आतून आले आणि म्हणाले, “लीजिए, मीठा खाइए।” त्या बाईंनी जी किंकाळी फोडली ती महाराज बाड्यापर्यंत गेली असेल. अजूनही त्या यांच्याकडे बघताना आधी पायांकडे बघतात.

पण खरं काय घडलं ते चैत्रात. किंवा खरं म्हणजे चैत्रात घडलं नाही, हेच तर दुःख आहे. तुम्हाला सांगायला नको, आपला महिना अमावास्येला संपतो आणि इथल्या लोकांचा पौर्णिमेला, त्यामुळे त्यांचा चैत्र आपल्याआधी पंधरा दिवस लागतो. होळी झाली की दुसऱ्या दिवसापासून अख्खं लष्कर ‘चैत लग गया’ म्हणतं. सूनबाईंच्या फोननेही तेच म्हटलं. फोनवर चैत्र दिसला, तृतीया दिसली. पक्ष कोणता हे बघायला खाली बोट सरकवावं लागतं, तेवढं ते सरकवलं गेलं नाही. मी म्हटलं, अगं, अजून पाडवा झाला नाही, संवत्सर बदललं नाही, हा आपला फाल्गुन आहे. मी इतिहासाची एम.ए. आहे, मुलींच्या शाळेत सगळी नोकरी सनावळ्या शिकवण्यात गेली, मला महिना कळतो. तर म्हणाली, “आई, सब जगह चैत ही तो लिखा है।” आणि राघव (जो या घरात वाढला, ज्याने माझ्या मांडीवर बसून चैत्रांगणातला नाग पुसला होता) म्हणाला, आई, थोडं पंधरा दिवस इकडे-तिकडे.

तर गौर झोपाळ्यात बसली. झोपाळा मोगऱ्याच्या माळांनी मढवला होता, मोगरा कापडी होता. लष्करातल्या झाडून सगळ्या मराठी बायकांना हळदीकुंकवाचं बोलावणं फोनवरून गेलं, आणि चूक कुठे आहे हे प्रत्येकीला माहीत असल्यामुळे एकही गैरहजर राहिली नाही. कोणाकोणाच्या कानामागचा होळीचा रंग अजून निघाला नव्हता. बाजारात कैरी नव्हती, म्हणून डाळीत लिंबू पिळलं होतं, आणि पन्हं बाटलीतलं होतं. सगळ्या बसल्या, गौरीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. शेवटी शेजारच्या ओळीतल्या मंदाताई, ज्यांना मी आजवर घरात दुसऱ्यांदा चहा विचारलेला नाही, गोड आवाजात म्हणाल्या, “काय हो राजलक्ष्मीबाई, यंदा गौर माहेरी लवकर आली? सासरी काही झालं का?” साऱ्या बायका पदर तोंडाशी धरून हसल्या. सूनबाईंना वाटलं कौतुक चाललं आहे, त्या म्हणाल्या, “हो ना, इस बार हमने जल्दी बुला लिया!” वन्सं, मी चाळीस वर्षं या बायकांसमोर ताठ उभी राहिले आहे. त्या दिवशी मी स्वयंपाकघरात जाऊन लिंबाच्या फोडी मोजत बसले.

आपली खरी तृतीया आली तेव्हा झोपाळा पेटीत गेला होता आणि ‘समर’ची पेटी खाली आली होती. मग मी स्वयंपाकघरातल्या डब्यांच्या फळीवर, जिऱ्यामोहरीच्या शेजारी, गौर बसवली. एक कैरी मिळाली, तिची डाळ केली. तुमचे बंधू आणि मी खाल्ली. फोटो कोणी काढला नाही.

‘समर’बद्दल थोडक्यात सांगते. ग्वाल्हेरात पारा सेहेचाळीसवर असताना आमच्या बैठकीत समुद्र आला. निळे पडदे, शिंपले, काचेच्या भांड्यात वाळू आणि दुसऱ्या भांड्यात पिवळीधमक लिंबं. तुमच्या बंधूंनी बाहेरून येऊन सरबतासाठी त्यातलं एक चिरायला घेतलं. लिंबू प्लास्टिकचं होतं, सुरी माझ्या आईची होती. मोडली ती सुरी. संध्याकाळी अवंतिका कौतुकाने म्हणते, “आई, मैंने पूरा घर सजा दिया।” मी म्हटलं, सजा दिलीस हे अगदी खरं. ती खूप हसली. तिला वाटलं मी कोटी केली.

आता सांगते, मला चीड कशाची येते. सजावटीची नाही. मी काय सजवलं नव्हतं? शाळेतून येऊन, सासूबाईंचं सोवळं सांभाळून, रात्री जिलेटीनच्या कागदाचं मखर कापलं आहे. चैत्रांगण बोटांनी काढलं, त्यातली एक रेघ कधी जाड आली नाही. महालक्ष्म्यांच्या निऱ्या अशा घातल्या की तुमच्या आई, ज्यांनी मला कधी बरं म्हटलं नाही, त्या निऱ्यांकडे बघून गप्प बसायच्या, आणि मी ते गप्प बसणं सर्टिफिकेटासारखं जपलं. पण ते सगळं दुसऱ्या दिवशी झाडून टाकायचं असतं. विसर्जन झालं की मखर बंबात. माझ्या त्या सगळ्या वर्षांचा एक फोटो या घरात नाही. आणि हिच्या प्लास्टिकच्या लिंबांना देवासहून हृदय येतं. वर ‘आता कुठे’.

तेव्हा तुम्ही राघवला स्पष्ट कळवावं, की महालक्ष्म्या घरच्या सासूने बसवायच्या, साडी न शिवलेली, हरणं नकोत. एवढं करावं. भावजींना सांगा, बिडीबद्दल मी लिहिलं आहे. राग आला असेल तर तो इथे आल्यावर समोरासमोर काढावा, पत्राने काढू नये. तुमचं अक्षर आता वाचवत नाही.

तुमची धाकटी भावजय,
राजलक्ष्मी

ता. क. — अक्षराचं मी बोलले, पण या पत्राचं अक्षर माझं नाही हे तुम्ही पहिल्याच ओळीला ओळखलं असेल. हे अवंतिकाचं आहे. मी सांगते, ती लिहिते. गेल्या श्रावणापासून माझा उजवा हात थरथरतो. डॉक्टरांनी त्याला काहीतरी नाव दिलं आहे आणि सकाळ-संध्याकाळ एक गोळी. म्हणून वरचं सगळं तिच्या तोंडावर बोलून झालेलं आहे, तेव्हा मी पाठीमागे कागाळी केली असं तुम्हाला म्हणता येणार नाही. तिने एकही शब्द गाळला नाही, फक्त मंदाताईंचा प्रसंग लिहिताना मध्येच थांबली आणि म्हणाली, “तो वो सब मुझपर हँस रही थीं?” मी म्हटलं, तुझ्यावर नाही, माझ्यावर. पुढचं लिही.

दुसरा ता. क. — गेल्या भाद्रपदात तुम्ही माझ्या निऱ्यांची एवढी स्तुती केलीत. त्या माझ्या नव्हत्या. मी खोलीचं दार लावून घेतलं, पहिली निरी घातली, दुसरी सुटली, मग पहिलीही सुटली. ही आत आली, काही न विचारता खाली बसली, मी सांगत गेले तशी दोघींना नेसवली, आणि बाहेर जाऊन तुम्हा सगळ्यांना म्हणाली, “आई ने किया, सब आई ने।” तुम्ही टाळ्या वाजवल्यात. ते मी तिला अजून माफ केलेलं नाही. (ती हेही लिहिते आहे, लिहू दे.) परवा मी विचारलं, त्या साडीला चेन कशासाठी? तर खाली बघून म्हणाली, “आई, चेन तो आपसे लग जाएगी।” वन्सं, मला दया चालत नाही. चेन लावलेली तर मुळीच नाही.

तिसरा ता. क. — तिला चहाला पाठवून हे मी स्वतः लिहिते आहे, म्हणून ओळी अशा. यंदा तिलाच बसवू दे, असं तुम्ही सांगा. नऊवारी न शिवलेली. निऱ्या तिच्या हातच्या. माझ्यापेक्षा बऱ्या येतात. हे तुमच्याच मनाने सांगितलंत असं सगळ्यांना वाटू दे. मी विरोध करीन. मध्ये पडून तो थांबवू नका, थोडा वेळ चालू द्या.