लाकडी ड्रमाचं पान

जानेफळ
ता. ९ फेब्रुवारी २०२५, रविवार

फकीरभाई,

उद्धवचा सलाम घ्या. इकडे सारं बरं हाय. तुमच्या गुडघ्याचं मुबीनाकडून कळलं. बारा वर्षांनंतर माह्यं अक्षर पाहून तुमी चष्मा पुसत असान. माह्यंच हाय. फोनवरच बोलतो म्हणलं होतं, पण तुमची लेक मुबीनाच म्हणे, अब्बा फोन कानाले लावतात अन् गप बसतात, चिट्ठी आली तर दोनदा वाचतात. म्हणून बसलो लिहायले. सत्यभामा हसून राह्यली. म्हणते, तुमाले किराण्याची यादी लिहा म्हणलं तर हात दुखते, अन् आता चिट्ठी!

पहिले उपकार मानतो, मंग बाकीचं.

उकंडरावच्या नातीचं, निवेदिताचं लग्न हाय येत्या रविवारी. उकंडराव ऐंशीचे झाले, पण कान अजून तिखट. मागच्या महिन्यात एका वरातीत माह्या लोखंडी ड्रमाचा आवाज ऐकला अन् मले बाजूले घेतलं. म्हणे, उद्धव, हे टमरेल काय बडवून राह्यला? पहिलेच्या टाइमले तुह्या ड्रमाचा धुम पोटात वाजे. तसा वाजत असन तर नातीच्या लग्नात ये, नाही तर पोट्ट्यायले डीजे पाह्यजेच हाय. भाई, खरं सांगतो, आवंदा आपल्या बँडले हे एकच मोठं लग्न हाय. हे गेलं तर कॉर्नेट, क्लॅरनेट सारं बोचक्यात बांधून ठेवा लागन.

आता तो धुम आणू कुठून? ड्रमाले बकऱ्याच्या कातड्याचं पान मढवणारा इकडे कोणी राह्यला नाही. अकोल्याच्या दुकानात गेलो. तिथला माणूस म्हणे, आता जुन्या चालीची पानं निघाली, प्लास्टिकचीच, पण आवाज कातड्याचा. व्हिंटेज म्हणतात त्याले. तीन पानं समोर ठेवली त्यानं. एक काचेसारखं, आरपार दिसणारं. दुसरं काळं, कडेनं जाड पट्टी चिकटवलेलं. तिसरं दुधी, हात फिरवला तर शिळ्या पोळीसारखं खरखरीत. मी तीस वर्षं ड्रम वाजवला, पण पान निवडायची पाळी कधी आली नाही, ते तुमचं काम होतं. दुकानात भैताडासारखा उभा राह्यलो. पसंत नाही पडलं तर वापस आणतो असं ठरवून तिन्ही घेऊन आलो.

मंग हिंमत करून मुबीनाले फोन लावला. पोरगी एक शब्द वाकडा बोलली नाही, चाचा म्हणूनच बोलली. ते तर मी कधीच विसरणार नाही. तिनं फोन तुमच्या कानापाशी धरला अन् मी इकडे एकेक पान लोखंडी ड्रमाले चढवून वाजवलं. काचेच्या पानाले तुमी काहीच बोलले नाही. काळ्याले नुसते खोकलले. दुधीले म्हणले, "परत." मी परत वाजवलं. मंग तुमी म्हणले, "हे घे. पण लोखंडाले नको, लाकडी ड्रमाले लाव. आतून घोंगडीची पट्टी आडवी ताण, मधात नको, थोडी बाजूले. अन् सैल ठेव, सुरकुती गेली की वर चावीचा फक्त पाव फेरा." एवढं बोलून फोन मुबीनाले देल्ला. संग्रामपुरात खाटेवर बसून उंटावरून शेळ्या हाकल्या तुमी, पण एक शेळी इकडची तिकडे झाली नाही. सत्यभामा चुलीपाशी होती, तिथून म्हणे, हा ठोका तर फकीरभाईच्या पानाचा हाय. तो तर अजून लोखंडाचाच ड्रम होता.

तुमच्या हाताखाली मी काय काय शिकलो ते आठवून राह्यलो दोन दिवसांपासून. दांड्याले कापूस किती बांधा, पान भिजवल्यावर किती वेळ सावलीत ठेवा, वरात चढावर असली तर ठोका कसा धरा. माह्या बापानं मले बँड देल्ला, पण वाजवायले तुमी शिकवलं. ईदच्या दिवशी तुमच्या घरी फातिमाभाबी शिरखुर्म्याची वाटी दोनदा भरत, मी नको नको म्हणे अन् वाटी पुढेच करे. असं सारं हाय. याचे आभार कसे मानू ते समजत नाही.

बाकी, ते पान फुटलं त्या दिवशी जे झालं ते झालं. आभाळ आलं होतं, घाई होती, गर्दीत माणसाच्या तोंडून निघून जाते काहीबाही. तुमी मनात ठेवलं नसनच.

तब्येतीले जपा. मुबीनाले आशीर्वाद.

तुमचा
उद्धव

ता. क. लाकडी ड्रम माळ्यावरून खाली काढला. धूळ किती बसली काय सांगू बाप्पा. तुमी मढवलेलं शेवटचं पान अजून तसंच ताठ हाय. उद्या उघडतो.


जानेफळ
ता. १७ फेब्रुवारी २०२५, सोमवार

फकीरभाई,

सलाम. लग्न काल पार पडलं. धुम आला, भाई. पहिला ठोका पडला अन् माह्या पायाखालची माती हलली, पोटात गेला आवाज. घोंगडीच्या पट्टीनं घुमणाऱ्या आवाजाची शेपूट कापून टाकली, नुसता गोल, गरम ठोका. पोट्टे डीजे विसरून ड्रमाच्या मागं मागं नाचत राह्यले. म्हातारे ओट्यावरून उतरले. तुमच्या निवडीचं पान होतं ते, मी नुसता दांडा धरला.

हे मी पहिले लिहून राह्यलो, कारण दुसरं लिहायले हात धजत नाही. पण आता लिहितो. मागच्या चिट्ठीत "जे झालं ते झालं" असं लिहिलं, ते खोटं होतं. ते झालं नाही, ते मी केलं.

सोमवारी ड्रम उघडला. इतकी वर्षं ड्रम वाजवला पण आतून कधी पाह्यला नव्हता, उघडणं तुमचं काम. तुमचं पान काढलं, ड्रम उन्हाकडे धरला, तर आतल्या लाकडावर पेन्सिलीनं तारखा लिहिलेल्या. वरून खालपर्यंत, जेवढी पानं तुमी मढवली तेवढ्या. मले माहीतच नव्हतं तुमी तारखा लिहिता. सगळ्यात खाली दोन होत्या: ६-२-१३ अन् १६-२-१३. अन् त्यायच्या बाजूले एका बारीक खिळ्यानं ठोकलेला कातड्याचा तुकडा, माह्या तळहाताएवढा. मधात तपकिरी डाग, अन् त्या डागात अजूनही गव्हाचं पीठ.

मी तिथंच अंगणात खाली बसलो. सत्यभामा पाणी घेऊन धावत आली. तिले वाटलं, मले चक्कर आली.

फकीरभाई, तुमाले सारं माहीत हाय, तरी मले माह्या हातानं लिहू द्या. उकंडरावच्या धाकट्या लेकीचं लग्न, १५ फेब्रुवारी, शुक्रवार. नवं पान तुमी नऊ दिवस आधी मढवलं होतं. सकाळपासून आभाळ, पान ओलावून सैल झालं. तुमी जुम्याच्या नमाजले निघाले तवा मले बजावून गेले, "विस्तव दाखवू नको, पान कोवळं हाय. कपड्यानं पूस अन् वाऱ्याले ठेव, मी आलोच." पण इकडे वरातीची घाई, पाहुणे ओरडून राह्यले, अन् मले वाटलं मालक मी हाय. बांधावरच्या पऱ्हाटीच्या सुक्या काड्या आणल्या, पेटवल्या अन् ड्रम धरला वरून. धरला तो जास्तच धरला. मधात तपकिरी डाग पडला. मांडवातल्या परातीतलं मूठभर पीठ घेतलं अन् डागावर चोळलं, म्हणलं दिसणार नाही.

मांडवाच्या दारातच फुटलं ते. नवरदेव घोड्यावर, नवरीकडचे आरती घेऊन उभे, अन् ड्रम फाटला. बायका अपशकुन, अपशकुन करू लागल्या. उकंडराव लाल झाले. त्यायनं विचारलं, हे काय? अन् मी, तुमी नुकतेच नमाजहून येऊन उभे होते, तुमच्याकडे बोट दाखवून बोललो, "यानं शिळं कातडं लावलं."

तुमी ड्रमापाशी आले, फाटल्या काठावरून बोट फिरवलं, बोटाले लागलेलं पीठ पाह्यलं अन् माह्याकडे पाह्यलं. मंग बोट बाहीले पुसलं. मले वाटलं तुमाले समजलं नाही. मी किती भैताड, भाई. तीस वर्षं कातड्यात हात घातलेल्या माणसाले जळलेलं अन् शिळं समजणार नाही?

दुसऱ्या दिवशी सकाळी तुमी आले, नवं पान मढवलं, कारण आपल्याले संध्याकाळी दुसरी वरात होती. तो तुकडा तुमी तवाच कापून ठेवला असन. तो घेऊन तुमी उकंडरावकडे जाऊ शकत होते. चावडीवर दाखवू शकत होते. तुमी तो ड्रमात ठेवला अन् वरून पान ताणून बंद केला. मंग आरी-हातोडी पिशवीत टाकली अन् गेले. त्या गोष्टीनंतर जानेफळात तुमाले कोणी ढोलकीचंही पान मढवायले देल्लं नाही, तुमाले संग्रामपूर धरा लागलं, हे मले माहीत होतं. माहीत असून मी चुप राह्यलो. ते नवं पान मी एक दिवसही वाजवलं नाही. संध्याकाळच्या वरातीले दुसऱ्याचा ड्रम मागून आणला अन् त्याच महिन्यात लोखंडी घेतला. लोकायले सांगतलं, जमाना बदलला.

अजून एक. फातिमाभाबी गेल्या तवा मी संग्रामपूरले आलो होतो. कब्रस्तानच्या बाहेर लिंबाखाली उभा राह्यलो अन् तिथूनच वापस फिरलो. तुमी मले पाह्यलं का नाही, मले माहीत नाही. भाबीच्या त्या शिरखुर्म्याच्या वाटीचं खाल्लेलं अन्न होतं माह्या अंगात.

आता कालचं सांगतो. वरात त्याच दारात आली, तोच मांडव, तेच लोक, फक्त केस पांढरे झाले. ड्रम माह्या गळ्यात. पहिला ठोका द्यायच्या आधी मी हरिओमले, आपल्या कॉर्नेटवाल्याले, थांब म्हणलं. खिशातून तो तुकडा काढला अन् उकंडरावच्या हातात देल्ला. मोठ्यानं बोललो, साऱ्यायले ऐकू जाईन असं. पान चांगलं होतं, नऊ दिवसांचं होतं, ते मी जाळलं, पीठ मी चोळलं अन् नाव फकीरभाईचं घेतलं. मनात धरलं होतं, आता बँड वापस पाठवला तरी चालन. पाठवला असता तर मी मुकाट गेलो असतो.

उकंडरावनं तुकडा उलटापालटा करून पाह्यला. डागावर नख फिरवलं. मंग म्हणले, "बारा वर्षं मी त्या माणसाले माह्या दारात चहा नाही पाजला."

एवढंच. मले शिवी देल्ली नाही, देल्ली असती तर बरं वाटलं असतं. घरात गेले, टॉवेल-टोपी घेऊन आले अन् माह्या हातावर ठेवली. तुमाले माहीत हाय त्यायच्या घरची रीत, लग्न झालं की ड्रम मढवणाऱ्याले पहिला मान. त्या वर्षी तुमचा राह्यला होता. म्हणे, हे त्याले नेऊन दे, अन् सांग म्हातारा स्वतः येणार होता, पाय चालत नाही. मंग मले म्हणे, वाजव आता. अन् मी वाजवलं.

टॉवेल-टोपी देवघरात ठेवली हाय, सत्यभामानं कोणाले हात लावू देल्ला नाही. येत्या शुक्रवारी मी अन् ती दोघं संग्रामपूरले येऊन राह्यलो, रमजान लागायच्या आत. जुम्याची नमाज झाली की येऊ, त्याच्या आधी नाही. तुमी दार उघडलं नाही तर टॉवेल-टोपी मुबीनाजवळ देऊ अन् वापस फिरू, मनात काही ठेवणार नाही. इतके दिवस तुमी माह्यी लाज झाकून ठेवली, याच्याहून जास्त मागायचा मले हक्क नाही.

ड्रम मात्र संगं आणतो. दुधी पान चढवलं, पट्टी ताणली, सारं तुमी सांगतलं तसं केलं, पण आत तारीख लिहिली नाही. तो हात तुमचा हाय. १६-२-१३ च्या खाली जागा मोकळी हाय, अन् पान उघडायची चावी अन् पेन्सिल मी खिशात टाकून आणतो.

तुमचं पान जाळणारा,
उद्धव