तारेत अडकलेली पावडर

प्रिय युलाताई,

फोन उचलायचाच नाही असं ठरवलंयस, तेव्हा घे, आता वाच. तू टोको गावी मावशीकडे जाऊन बसलीस आणि इकडे पिंपाच्या पत्र्याचे पॅन वाजवणाऱ्यांनी पथकाचं अंगण डोक्यावर घेतलंय. रविवारी सव्हानाच्या मैदानात पॅनच्या स्पर्धेतली आपली फेरी. पोलादी पॅन लटकवायच्या सगळ्या गाड्या तयार होत्या, चाकं लागली, छतं चढली. राहिली होती एकच बुटकी गाडी. शनिवारी उजेड आहे तोवर तिचं वेल्डिंग संपलं नाही तर ती इथेच राहील, असं पथकाचा कप्तान लेनॉक्सने बजावलं होतं. डुगडुगणारी गाडी मी रस्त्यावर काढणार नाही, म्हणाला. त्याचंही चूक नव्हतं.

आणि नेमकं शनिवारी दुपारी वेल्डिंग मशीन रुसलं. तार गनमधून यायची ती उचक्या देत. ठिणगी पेटते न पेटते तोच विझायची आणि जोडावर नुसत्या गाठी. लेनॉक्सला धीर कुठला! तार ढकलणाऱ्या चाकांचा स्क्रू त्याने करकचून आवळला. झालं, तार गनकडे जायच्या ऐवजी मशीनच्या पोटातच गोळा झाली, शेवयांचा गुंता व्हावा तशी. वर मलाच ऐकवतो, "मर्ले, तुझ्या बहिणीच्या हाताला मशीन ऐकायचं, तुझ्या नाही." अशी चिडले म्हणून सांगू! त्याला म्हटलं, तू जरा लांब उभा राहा आणि तुझे ते चणे भरलेले डबल्स खा.

मग तुझीच पद्धत काढली. बाबांच्या शेडमध्ये तू मला स्क्रूला हातसुद्धा लावू द्यायची नाहीस, आठवतंय? आधी गनच्या तोंडाची टिप काढून बघ, मग चाकं सैल कर आणि तार हाताने ओढ, हे तुझं टुमणं. टिप काढली, उचक्या तशाच. चाकं सैल केली, गनची केबल जमिनीवर सरळ पसरली आणि तार ओढली, तर खांदा भरून आला. म्हणजे घोळ केबलच्या आतल्या नळीत. ती बाहेर खेचून फरशीवर आपटली आणि ताई, आतून पांढरं पीठ पडलं. वास घेतला. बाळाची पावडर!

आलं ना लक्षात? मागच्या आठवड्यात अंगणात खलाशांचं सोंग घेऊन नाच झाला. सगळ्यात पुढे लेनॉक्स, पांढऱ्या कपड्यांत, डब्यांनी पावडर उधळत, आणि मशीनचं झाकण उघडं. पावडर तारेच्या रिळावर बसली, तारेबरोबर नळीत गेली आणि दमट हवेत घट्ट झाली. सगळं अंगण त्याच्याकडे बघायला लागलं. त्याने डबल्सचा कागद खिशात कोंबला आणि गुपचूप रॉकेल आणायला गेला.

नळी रॉकेलात धुतली, टायरवाल्याकडच्या हवेने फुंकून सुकवली, चाकं पुसली, रिळावरची वरची तार कापून टाकली. स्क्रू सैलच ठेवला, बेताचा. गन दाबली आणि काय सांगू, तेलात मासा सोडल्यासारखा एकसलग आवाज! छतावर ऊन होतं तोवर शेवटचा जोड झाला. लेनॉक्स स्वतः गाडीवर चढून नाचला. कुरकुरली नाही ती. पोरं लोखंड बडवत सुटली आणि मी हमसून रडले, आनंदाने.

सगळे विचारत होते, ही गाडी इतकी बुटकी का, मागे उतार कशाला, मधे एवढी जागा कशाला? मी कुणाला सांगितलं नाही. लेनॉक्सने मात्र ओळखलं. त्याने तुझा पॅन आणला आणि स्वतः लटकवला, चाकाच्या खुर्चीत बसून हात पोचेल इतका खाली. पाय कापला, तुझे हात कुणी नेले नाहीत, ताई. पॅन उभ्यानेच वाजवतात म्हणालीस ना? यंदा पहिल्या रांगेत एक जण बसून वाजवेल. चाल येत नाही असं सांगू नकोस. मी पाठवलेलं गाणं लावून तू रोज टेबलावर काठ्या चालवतेस, हे मावशीने फोडलंय. हे पत्र देणारा डेस्मंड खुर्ची चढवायला ट्रकची फळी टाकून फाटकाशी उभा आहे आणि इंजिन बंद करायचं नाही असं मी त्याला सांगितलंय. काठ्या घे आणि नीघ.

गाडीपाशी तुझी वाट बघणारी,
तुझीच मर्ले