छातीशी धरलेलं वजन

दि. ८ जानेवारी

ति. दादास, बारकीचा सा. न. वि. वि.

आम्ही इकडे मजेत आहोत असंच लिहिणार होते, पण तुला खोटं लिहायला बसले की पेन अडतं. गेल्या आठवड्यात सकाळी हे पलंगाच्या कडेवरून घसरून खाली बसले. लागलं काही नाही. पण अर्धांगाच्या त्या झटक्यापासून उजव्या अंगात जोर नाही, आणि मला काही केल्या यांना उठवता येईना. काखेत हात घातले, चादरीनं ओढून पाहिलं, शेवटी दोघंही फरशीवर बसून राहिलो. खाली माझ्या शिवणाच्या दुकानात गिऱ्हाईक आलं, हाका मारून निघून गेलं.

मग समोरच्या बेकरीवाल्याला बोलावलं. बिचारा पिठाच्या हातांनीच धावत आला आणि यांना उचलून पलंगावर ठेवून गेला. यांच्या काळ्या स्वेटरवर त्याचे दोन्ही पंजे उमटले होते. मी झटकायला गेले, तर यांनी माझा हात बाजूला केला आणि भिंतीकडे तोंड फिरवलं. तेव्हापासून पाणीसुद्धा घोट-घोटच पितात. का, ते माझ्या उशिरा लक्षात आलं. बाथरूमला न्यावं लागू नये म्हणून.

लेकीचं म्हणणं असं की मी एकटी किती ओढणार. तिच्या गावात आजारी माणसांसाठी एक चांगला निवास आहे, तिथे बाबांना ठेवू. तिचं काही चुकत नाही, दादा. मे महिन्यात ती येईल तोवर बघू म्हटलंय.

तर मुद्द्याचं. टीव्हीवर एक व्यायामाचं यंत्र दाखवतात. दोऱ्या, कप्प्या, बसायला गादी. हप्त्यानं मिळतं. तू जन्मभर शाळेत पोरांना पळवलंस, तूच सांग, घेऊ का? या वयात हातात जोर येतो का? हसू नकोस. वहिनीला नमस्कार.

तुझी,
बारकी


दि. १६ जानेवारी

चि. बारकीस, अनेक आशीर्वाद.

हसलो नाही. वहिनीनं पत्र वाचून दाखवायला घेतलं आणि मध्येच चष्मा पुसायला थांबली, त्यावरून काय ते समज.

यंत्र अजिबात घेऊ नकोस. उन्हाळा संपेपर्यंत त्यावर ओले टॉवेल वाळत पडतील, आणि हप्ते मात्र चालू राहतील. शिवाय त्या यंत्राची दोरी ठरलेल्या वाटेनं वरखाली होते. आमचे मेहुणे काही ठरलेल्या वाटेनं वर येणार नाहीत. माणूस अंगावर ढिला पडतो, इकडे कलतो, तिकडे घसरतो. तशाच वजनाशी झगडायला शीक.

त्यासाठी जाड कॅनव्हासची एक पिशवी शीव. शिंपीण आहेस, तेव्हा शिलाई दुहेरी मार आणि दोन्ही बाजूंना पट्ट्यांचे मजबूत कान लाव. वाळू सुटी ओतू नकोस, छोट्या थैल्यांत भरून आत ठेव, म्हणजे वजन हळूहळू वाढवता येईल. ती पिशवी गुडघे वाकवून, छातीशी घट्ट धरून उचलायची. कंबरेतून वाकलीस तर माझ्याशी गाठ आहे. ओढायचा जोर यावा म्हणून रबरी पट्टे आण, एक हलका आणि एक मध्यम. ताणून बघ, बारीक चीर दिसली तर घेऊ नकोस. डंबेल हवेच असतील तर चकत्या काढता-घालता येणारे, आणि तेही जुने. व्यायाम सोडून दिलेल्या माणसाकडून घे, अशांची जगात कमी नाही. आणि घरातली न हलणारी खुर्ची: हात न टेकता बसायचं, उठायचं.

पण आधी डॉक्टरांना रक्तदाब दाखव. आणि मेहुण्यांना उठवायची रीत त्यांच्या फिजिओवाल्या बाईंकडून नीट शिकून घे. जोर नुसता असून भागत नाही.

काळजी करतोय म्हणून रागावतोय, हे तुला सांगायला नको.

दादा


दि. २७ फेब्रुवारी

ति. दादास सा. न.

डॉक्टर हो म्हणाले. पिशवी शिवली, पट्टे आणले. डंबेल बेकरीवाल्याच्या भावाकडे माळ्यावर पडले होते, तो सुटलो म्हणाला. सकाळी दुकान उघडायच्या आधी वरच्या खोलीत माझी कसरत चालते. हे पलंगावरून बघत असतात. पिशवीला यांनी साहेब असं नाव ठेवलंय, कारण ती नुसती बसून असते आणि हलवायला दुसरं माणूस लागतं. कितीतरी दिवसांनी यांना विनोद सुचला.

पण दादा, माझी हौस नडली. फिजिओवाल्या बाईंनी यांच्या कमरेला बांधायचा पट्टा दिला, त्याला धरून यांना दोनदा नीट उभं केलं आणि मला वाटलं, जमलं. दुसऱ्या दिवशी पिशवीत उरलेल्या सगळ्या थैल्या कोंबल्या. उचलताना पाठीत अशी काही कळ आली की मी तिथेच आडवी झाले. आता यांना उठवायला बेकरीवाला सकाळ-संध्याकाळ वर येतोय. हे पुन्हा घोट-घोटच पाणी पितायत. काल मला म्हणाले की लेकीला कळव, मी जायला तयार आहे. मी अजून कळवलेलं नाही.

बारकी


दि. ४ मार्च

चि. बारकीस आशीर्वाद.

पाठ मोकळी होईपर्यंत पिशवीला हात लावायचा नाही. डॉक्टर सांगतील तेव्हा अर्ध्याहून कमी थैल्या ठेवून पुन्हा सुरू कर, आणि आठवड्याला एकीपेक्षा जास्त वाढवू नकोस. अंगाला घाई समजत नाही. शाळेतल्या पोरांनाही हेच सांगत होतो, ती तरी ऐकायची.

लेकीला आत्ताच काही कळवू नकोस. माणूस बायकोच्या दुखण्याला कंटाळून नाही, तिच्या दुखण्याला आपण कारण आहोत म्हणून जायला तयार झालाय. त्यावर उत्तर घरातच आहे. वहिनी म्हणते, तू रडत असशील. नसलीस तर बरंच.

दादा


दि. १९ मे

ति. दादास, बारकीचा नमस्कार.

लेक आली आहे. परवा दुपारी ती आंघोळ करून बाहेर येते तोच हे खोलीच्या दारात पाय अडकून खाली आले. ती किंचाळून बेकरीवाल्याला हाक मारायला खिडकीशी धावली. मी तिला थांब म्हटलं. आधी यांना कुठे दुखतंय का विचारलं, जरा वेळ तसंच बसू दिलं. मग खुर्ची ओढली, फिजिओवाल्या बाईंनी शिकवलं तसं यांना आधी गुडघ्यांवर टेकवलं, कमरेचा पट्टा धरला, छातीशी लावलं आणि उठले. दादा, हे माझ्याबरोबर उठले! पाठीनं हूं की चूं केलं नाही. लेक खिडकीशी तशीच उभी, केसांतून पाणी गळतंय. मग म्हणाली की मला वाटलं होतं तू हट्ट करतेयस.

त्या निवासाची गोष्ट तिनं पुन्हा काढली नाही. रोज दोन तास मदतीला एक बाई ठेवायच्या, तेवढं मात्र तिनं माझ्याकडून कबूल करून घेतलं. मीही मान्य केलं. हे पोटभर पाणी पितात.

वहिनीला घेऊन एकदा ये, म्हणजे माझे दंड बघशील.

तुझी पैलवान,
बारकी


दि. ११ जुलै

श्री. दादांना स. न.

अक्षर वाकडं आहे, डावा हात आहे, सांभाळून घ्या. हे पत्र तुमच्या बहिणीला न दाखवता मदतीच्या बाईंकरवी पेटीत टाकतोय.

तक्रार अशी की ही आता फार जोरदार झाली आहे. मी हलायचा विचार करतो न करतो तोच ही मला उभं करून मोकळी होते. लिफ्ट दुरुस्तीत जन्म गेला माझा, वर जायला बटण दाबावं लागतं एवढं मला ठाऊक आहे. पण बटण मीच दाबायला हवं ना! तिचा हलका रबरी पट्टा मी मागून घेतलाय. पलंगाच्या पायाला बांधून रोज ओढतो. ती हसते, पण देते.

काल तिला म्हटलं, खाली गिऱ्हाईक आलंय, तू जा. गिऱ्हाईक आलेलं नव्हतं. ती गेली. मी खुर्चीची पाठ धरली आणि उठायला लागलो. मागे बसलो. पुन्हा लागलो, पुन्हा बसलो. मग एकदा उभाच राहिलो, दादा. पाय लटपटत होते, पण होते माझेच. खिडकीतून खाली पाहिलं. बेकरीवाला पाट्या धूत होता. त्यानं वर बघून हात केला. मला हात करता आला नाही, दोन्ही हात खुर्चीला होते. मान हलवली.

ती खाली गेलीच नव्हती. दाराच्या फटीतून तिच्या साडीचा काठ दिसत होता, आणि मी पहिल्यांदा मागे बसलो तेव्हा तो काठ जोरात हलला होता. पण ती आत आली नाही. तेवढं करायला तिला किती जोर लागला असेल, ते मला कळलं.

मी पाहिलं हे तिला सांगितलेलं नाही. तुम्हीही सांगू नका.

तुमचा,
मेहुणा